बायोजिओकेमिस्ट्रीत पीएच.डी. करायची तर आधी हंगाम मोजा

बायोजिओकेमिस्ट्री म्हणजे नायट्रोजन, कार्बन अशी मूलद्रव्यं सजीव, पाणी, गाळ आणि हवा यांतून कशी फिरतात याचा अभ्यास. नेट-जेआरएफ, गेट, इन्स्पायर या पात्रता परीक्षा आणि संशोधनाच्या पाठ्यवृत्त्या तुम्हाला माहीत असणारच, तिथे वेळ घालवत नाही. एवढंच सांगते की मायक्रोबायोलॉजीची मुलं नेटला सरसकट लाइफ सायन्सेसचा पेपर देतात, पण या क्षेत्रात अर्थ सायन्सेसच्या पेपरवरूनही येता येतं. रसायन किंवा भूशास्त्र केलेल्यांना तोच सोयीचा पडतो. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, एकूण जास्तीत जास्त ५ वर्षं.

या ५ वर्षांबद्दलच मला बोलायचं आहे. माझी पीएच.डी. तिथेच अडकली होती.

माझा विषय होता पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रातला प्राणवायूचा तुटवडा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचं, आधीच प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ भागात वर येतं. पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी त्यावर झाकणासारखं पसरतं. खाली सडणाऱ्या सेंद्रिय द्रव्याला उरलासुरला प्राणवायू पुरत नाही; मग जिवाणू नायट्रेटवर श्वसन करतात, नायट्रस ऑक्साइड तयार होतो, आणि नायट्रेटही संपलं की सल्फेटची पाळी येते, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. प्राणवायू मोजायला नमुन्याच्या बाटलीत मँगनीज क्लोराइड आणि अल्कलाइन आयोडाइड सोडलं की एरवी तपकिरी साका बसतो. त्या दिवसांत तळाजवळच्या पाण्यात तो पांढरा राहतो, म्हणजे प्राणवायू नाहीच, आणि पाणी वर आणणारा सॅम्पलर उघडताच सडक्या अंड्याचा वास येतो.

पण हे सगळं ऐन भरात असतं ते साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. डिसेंबरात गेलात तर काहीच सापडत नाही.

आता हिशेब करा. पहिलं वर्ष कोर्सवर्क, नोंदणी आणि सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात जातं. शेवटचं वर्ष प्रबंध आणि पेपरमध्ये. म्हणजे हाताशी ३ हंगाम. त्यातला एक समुद्र खवळलेला म्हणून जातो, किंवा वायू मोजणारं यंत्र, गॅस क्रोमॅटोग्राफ, बंद पडलेलं असतं. उरले २. माझा एक गेला तो बोटीपायी. जून-जुलैत मासेमारीबंदी असते, तेव्हा ट्रॉलर धक्क्यावर उभे असतात, पण समुद्र जाऊ देत नाही. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र जरा निवतो, तर ट्रॉलरवाल्याचे कमाईचे दिवस सुरू होतात. कोळंबी सोडून तो तुमच्या पाण्याच्या बाटल्या का वाहील? ठरलेला मालक ऐनवेळी नाही म्हणाला. त्याचं चूक नव्हतं, पण माझं वर्ष गेलं.

म्हणून विषय पक्का करण्याआधी गाईडना स्पष्ट विचारा: बोट किंवा जहाजावरची जागा कोणाच्या नावावर आहे? प्रकल्पाचा निधी कोणत्या महिन्यात संपतो? यंत्र आपलं की दुसऱ्या विभागाचं? हे विचारल्यावर जे गाईड चिडतात, त्यांच्याकडे जाऊ नका. नाव कितीही मोठं असो. मी तर म्हणेन, गाईडच्या आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा.

घाबरू मात्र नका. हंगाम हुकला तरी प्रबंध बुडत नाही. एक प्रकरण असं ठेवा की ज्याला समुद्र लागत नाही. मी मांडवी नदीच्या खारफुटीतला गाळ घेतला. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आणि बसभाडं, एवढ्यावर वर्षभर काम चालतं. प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये गाळ बंद करून वायू मोजले आणि त्याच प्रकरणाने मला तारलं.

दुसरा एक धोका थोडक्यात. प्रोजेक्ट असोसिएटची जागा म्हणजे पीएच.डी.ची नोंदणी नव्हे. प्रकल्प संपला की जागा संपते. नोंदणी कुठून, कधी, हे लेखी घ्या.

आणि सीक्वेन्सिंगच्या, म्हणजे डीएनए वाचून घेण्याच्या, शॉर्टकटचं काय? डीएनए बाहेर पाठवायचा, जिवाणूंच्या नावांचे रंगीत आलेख काढायचे, झाला प्रबंध, असं समजणारे खूप आहेत. मला ते पटत नाही. जनुक आहे म्हणजे काम चालू आहे असं होत नाही. नायट्रोजन किती वेगाने निघून जातोय हे नायट्रोजन-१५ समस्थानिक, म्हणजे नायट्रोजनचं जड रूप, घालून मोजावं लागतं, आणि त्यासाठी रसायनशास्त्र यावं लागतं. मायक्रोबायोलॉजीच्या मुलांनो, टायट्रेशनचा कंटाळा सोडा.

जागा कुठे? दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अर्थातच. तिथली नोंदणी बहुधा एसीएसआयआर या पदवी देणाऱ्या अकादमीमार्फत होते. गोव्याच्या किनाऱ्यावर कांदोळीसमोर तिचं दीर्घकालीन निरीक्षणाचं ठिकाण आहे, आणि किनाऱ्यालगतच्या नायट्रस ऑक्साइडवरचं तिथल्या शास्त्रज्ञांचं काम २००० साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलं होतं. समुद्र नको असेल तर पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत मिथेन बनवणाऱ्या आणि मिथेन खाणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम चालतं. २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा खारप्रेमी आर्कियांचा (जिवाणूंसारख्याच पण वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांचा) माग आघारकरमध्येच काढला गेला. लोणारवर काम करायचं मनात असेल तर ते अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज सिनॉप्सिसच्या आधीच टाका. परदेशात ब्रेमेनच्या माक्स प्लांक सागरी सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेचा ‘मारमिक’ कार्यक्रम बघा, त्यात एम.एस्सी. आणि पीएच.डी. जोडलेलं आहे, त्यामुळे बी.एस्सी.नंतरही अर्ज करता येतो.

मुलाखतीत ‘अनॅमॉक्स म्हणजे काय’ हे विचारतात (प्राणवायूशिवाय अमोनियम आणि नायट्राइटपासून नायट्रोजन वायू बनवणारी जिवाणूंची प्रक्रिया), त्याची तयारी सगळेच करून जातात. तुम्ही सोबत १२ महिन्यांचा एक तक्ता न्या: कोणत्या महिन्यात कोणता नमुना, कोणत्या बोटीने, आणि बोट नाही मिळाली तर त्या महिन्यात काय.