मुलांसाठी जादूची कादंबरी लिहायची तर

आठ ते बारा वयाच्या वाचकांसाठी लिहिणार असाल तर आधी जग रचत बसू नका. नकाशे, राजघराण्यांच्या वंशावळी, ड्रॅगनच्या सात जाती यांत सहा महिने सहज जातात आणि हातात एकही प्रकरण नसतं. जादू काय करू शकत नाही, तिथून सुरुवात करा.

एका कागदावर तीन ओळी लिहा: जादू काय करते, तिची किंमत काय आणि ती कुठे चालत नाही. समजा, नायिकेकडे कुठलंही कुलूप उघडणारी किल्ली आहे. पण ती फिरवली की दर वेळी ओळखीच्या एका माणसाचं नाव ती विसरते. पहिल्यांदा शेजारणीचं नाव जातं, गंमत वाटते. चौथ्यांदा ती धाकट्या भावाला हाक मारायला तोंड उघडते आणि शब्दच फुटत नाही. शेवटच्या कुलपापाशी पोचेपर्यंत वाचक मनात उरलेली नावं मोजत असतो. गोची होते ती मधेच. बाराव्या प्रकरणात पळापळीच्या प्रसंगात किल्ली फिरते आणि किंमत वसूल करायची राहून जाते. मोठा वाचक सोडून देईल, दहा वर्षांचा नाही देणार. म्हणून किल्ली जिथे जिथे वापरली तिथे समासात खूण करा आणि खर्डा संपल्यावर फक्त त्या खुणा ओळीने वाचा.

मोठ्या माणसांना वाटेतून दूर करणं ही दुसरी अडचण. नायक अनाथ करणं ही जुनी सोय, आता जरा झिजलेली. आईवडील घरात असूनही मदत करू शकत नाहीत असं कारण जादूच्या नियमातच सापडलं तर उत्तम.

लांबी: इंग्रजीत या वयोगटाच्या कादंबऱ्या साधारण 40,000 ते 60,000 शब्दांच्या असतात. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने तोच मजकूर कमी शब्दांत बसतो. प्रकरण 1,500 ते 2,000 शब्दांचं ठेवा. मोठ्याने वाचायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणजे झोपण्यापूर्वी एक पुरतं. संपूर्ण खर्डा स्वतः मोठ्याने वाचा. जीभ अडखळली ते वाक्य तोडा. एकाच अक्षराने सुरू होणारी दोन पात्रं असतील तर एकाचं नाव बदला.

मग एखाद्या मुलाला वाचायला द्या. टोल्किन यांच्या 'द हॉबिट'चं (1937) हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला दिलं होतं, अभिप्रायाचा मोबदला एक शिलिंग. तुम्ही मात्र ‘आवडलं का?’ विचारू नका, मुलं भिडेखातर हो म्हणतात. गोष्ट सांगायला लावा. जो भाग सांगताना गाळला, तो कापण्याजोगा आहे.

पुस्तक पूर्ण झाल्याशिवाय प्रकाशकाकडे जाऊ नका. बहुतेक ठिकाणी छोटं पत्र, पहिली तीन प्रकरणं आणि एक पानी सारांश मागतात. सारांशात शेवट सांगायचाच असतो. ‘पुढे काय होतं ते वाचा’ हे मलपृष्ठासाठी. पदरचे पैसे घालून चित्रं काढून घेऊ नका, चित्रकार सहसा प्रकाशकच ठरवतो.

करारात मानधनाचा टक्का कशावर आहे ते आधी बघा. विक्रेत्याला निम्मी सूट गेली तर निव्वळ रकमेवरचे, म्हणजे सूट वजा जाता प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवरचे, 10 टक्के म्हणजे छापील किमतीवरचे 5. आगाऊ मिळालेली रक्कम याच मानधनातून वळती होते, ती फिटेपर्यंत पुढचं मानधन येत नाही. भाषांतर, ऑडिओ आणि चित्रपटाचे हक्क एका ओळीत देऊन टाकू नका.

मालिका डोक्यात असली तरी पहिलं पुस्तक स्वतःच्या पायांवर संपवा, कारण दुसरं निघेलच असं नाही. निघालंच तर पहिल्याच दिवसापासून ठेवलेली नोंदवही कामी येते: कोणाचे डोळे कुठल्या रंगाचे, कोणाचं वय किती, किल्ली किती वेळा फिरली आणि कोणकोणती नावं गेली.