लेकराच्या अंगावर कोड आलंय? आधी स्वतःचं तोंड सांभाळा

माझ्या लेकीला सहाव्या वर्षी गुडघ्यावर पांढरा डाग आला, मग पापणीवर, आणि मी रोज वेणी घालताना वाढलाय का ते बघायचे. ती आरशातून डाग नाही, माझं तोंड वाचायची, हे कळायला मला सात-आठ महिने लागले. म्हणून पहिलं काम, रोजचं निरखणं बंद. महिन्यातून एकदा फोटो काढून ठेवा, बास.

मग नाव घेऊन बोला. घरात "ते तसलं" अशी कुजबुज झाली की पोराला वाटतं आपलंच काहीतरी चुकलंय. मी सांगितलं, अंगात जंतूंशी लढणारे शिपाई असतात ना, ते चुकून रंग बनवणाऱ्या पेशींवरच धावून गेले. कुष्ठरोगाशी संबंध नाही, मासे-दुधाने होत नाही, हे मात्र मोठ्यांनाच जास्त समजवावं लागतं!

शाळेसाठी एक वाक्य तोंडात बसवा: "हे कोड आहे, दुखत नाही, तुला लागणार नाही, खेळायला येतेस?" घरी नाटक करा, मी चोंबडी मैत्रीण व्हायचे, पहिल्यांदा रडली, चौथ्यांदा मलाच हसायला लागली. क्लासटीचरला जूनमध्येच भेटा पण पोरीला वर्गासमोर उभं करून भाषण नको हे स्पष्ट सांगा. आमच्याकडे झालंय ते, हेतू चांगलाच होता, पोर दोन दिवस शाळेत गेली नाही.

लग्नात कोणी "हिचं पुढे कसं व्हायचं" म्हणालं तर उत्तर तिथेच, तिच्या देखत द्या. "काकू, ती तिसरीत आहे." घरी येऊन चिडून काय उपयोग, तुम्ही गप्प बसलेलं तिने बघितलेलं असतं.

खरचटलं तिथे काहींना नवा डाग येतो, म्हणून खेळ बंद करू नका, नीपॅड घाला आणि सॉक्सचं इलॅस्टिक सैल बघा. मलम जमेल तिथे तिचं तिला लावू द्या.

भर मे महिन्यात फुल बाह्या, फोटोत मागे लपणं, दर सोमवारी पोटदुखी असं दिसलं तर स्किनच्या डॉक्टरांनाच सांगून काउन्सिलर गाठा, थांबू नका.

2020 मध्ये कोड असलेली बार्बी आली, ती आणली पण दोन दिवसांत कोपऱ्यात गेली. खरा फरक माणसाने पडला. पुण्यात श्वेता असोसिएशन हा कोड असलेल्यांचा गट आहे, तसं कोणीतरी शोधा. आमच्या ओळखीच्या एका ताईच्या दोन्ही हातांवर कोड आहे, ती स्लीव्हलेसमध्ये आली, मजेत मिसळ खाल्ली, आणि लेकीने जाताना मला हळूच विचारलं, आई, ताई परत कधी येणार?