टीजीएत (तापमान आणि वायू बदलत सॅम्पलचं वजन मोजणाऱ्या यंत्रात) वाढलेलं सगळंच वजन कार्बन डायऑक्साइडचं नसतं

हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायच्या कामात पॉलिइथिलिनइमाइन (कार्बन डायऑक्साइड धरणाऱ्या अमाइन गटांनी भरलेला पॉलिमर) आणि सच्छिद्र सिलिका ही जोडी नवख्यांसाठी बरी. 1 ग्रॅम पॉलिमर 20 मिली मिथेनॉलमध्ये विरघळवा, 1 ग्रॅम वाळवलेली सिलिका घालून काही तास ढवळा, रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) 40 अंशांना मिथेनॉल उडवा. सुटी पावडर हवी. चिकट लगदा झाला तर पॉलिमर छिद्रांत न मावता बाहेर राहिलाय, प्रमाण कमी करा.

इथवर कुणी फारसं अडकत नाही. पुण्यात होमी भाभा रोडवरच्या एनसीएल या प्रयोगशाळेत असा किंवा आयसर या विज्ञानसंस्थेत, खरी गोची मोजताना होते, तीही जुलैतल्या दमट हवेत.

टीजीएत 10 मिलिग्रॅम सॅम्पल, नायट्रोजनमध्ये 400 पीपीएम कार्बन डायऑक्साइड, वजन वाढलं 0.9 मिलिग्रॅमने. हिशेब केला, ग्रॅममागे 2 मिलिमोल. झकास! पण काट्याला पाणी वेगळं कळत नाही. 25 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला खोलीतल्या हवेत वाफ असते साधारण 25,000 पीपीएम, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या साठपट. नळीचा एक जोड किंचित सैल असला तरी पुरे.

म्हणून ब्लँक, म्हणजे कार्बन डायऑक्साइडशिवाय तीच मोजणी. नायट्रोजनच्या नेहमीच्या लाइनवर घेतलेला ब्लँक फसवा, कारण गळती दुसऱ्या लाइनमध्ये असू शकते. मिश्रणाचा सिलिंडर काढून त्याच नळीला नायट्रोजनचा जोडा, तेवढाच वेळ थांबा. वजन वाढलं तर ते पाणीच धरा आणि साबणाच्या पाण्याने जोड तपासा. वाटेत 13एक्स मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे सूक्ष्म छिद्रांचे दाणे) बसवायचा शॉर्टकट कुणी सुचवेल. नको, ती कार्बन डायऑक्साइडही गिळते. छिद्रं त्याहून लहान असलेली 3ए वापरा.

कागदावरही पडताळा. निम्मा पॉलिमर म्हणजे ग्रॅममागे सुमारे 11.6 मिलिमोल नायट्रोजन, म्हणजे तेवढीच अमाइन. कोरड्या वायूत एका रेणूला दोन अमाइन लागतात, तेव्हा 5.8 च्या वर आकडा जाऊच शकत नाही. तृतीयक अमाइन (ज्यांच्या नायट्रोजनवर हायड्रोजन नसतो) कोरड्यात निकामी, म्हणजे त्याहून कमीच. मोठा आकडा बघून खूश होणारा आणि ब्लँक न मागणारा गाईड मात्र महागात पडतो.

घाबरू नका, स्वच्छ मोजलेला 1 मिलिमोलसुद्धा चांगली सुरुवात आहे. बाटलीत पडलेलं सॅम्पल हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतच असतं, म्हणून दर वेळी आधी नायट्रोजनमध्ये 105 अंशांना तासभर तापवा. हवेत तापवलंत तर अमाइन जळून पावडर पिवळी पडेल, आणि ती फेकूनच द्यावी लागेल.