आवडता कपडा टाकवत नाही? कपाट आवरताना हे करून बघा

कपाट आवरायला बसलं की पहिला तास मस्त जातो. विटलेले टीशर्ट, एकएकटे मोजे, कुणीतरी दिलेला आणि कधीच न आवडलेला शर्ट, सगळं भराभर बाहेर. आणि मग हातात तो एक कपडा येतो, आपण तो मांडीवर घेऊन बसतो, बाही कुरवाळतो, काय काय आठवत राहतं आणि अर्ध्या तासाने घडी घालून होता तिथेच परत ठेवतो, पुढच्या वेळी बघू म्हणून. माझं कित्येक वर्षं हेच चाललं होतं. आता जमतं, पूर्ण नाही पण बरंच, आणि ते कशामुळे जमायला लागलं तेवढंच सांगते.

सगळ्यात आधी एक करा, आवडत्या कपड्यांना पहिल्या दिवशी हातच लावू नका. बाकीचं कपाट आवरा, आणि मधे असा कपडा निघाला की विचार न करता तो पलंगावर वेगळा ठेवा. दिवसभर आवरून दमलेल्या माणसाने असले निर्णय घेऊ नयेत, दमलं की एकतर सगळं ठेवून देतो किंवा वैतागून सगळं देऊन टाकतो आणि मग रडतो. आवडत्यांसाठी वेगळा दिवस काढा, सकाळची वेळ बरी, आणि एका बैठकीत दहा-बाराच्या वर घेऊ नका. तुम्हाला वाटत असेल ढीगभर निघतील, पण खरंच जीव अडकलेले कपडे सहसा फार नसतात, उरलेले नुसते सवयीने पडून असतात.

आणि टाकवत नाही म्हणून स्वतःवर चिडू नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन, अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने 1990 मध्ये काही प्रयोग छापले होते, विद्यार्थ्यांच्या वर्गात निम्म्या जणांना साधे कॉफीचे मग दिले आणि नंतर त्यांची खरेदी-विक्री करायला सांगितली. ज्यांच्या हातात मग होता ते विकायला जी किंमत मागत होते ती घेणाऱ्यांच्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. तो मग त्यांच्याकडे आला होता थोड्याच वेळापूर्वी! मग दहा वर्षं अंगावर वापरलेल्या कपड्यात जीव अडकणारच की. हातात धरलं की वस्तू जास्त आपली वाटते, म्हणून एक साधी युक्ती, घरातल्या कुणाला तरी कपडा हातात धरून समोर उभं राहायला सांगा आणि तुम्ही फक्त बघा. लांबून कॉलर किती विरलीय ते लगेच दिसतं.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक कपड्याला एकच प्रश्न विचारायचा: हा हरवला असता तर मला नक्की कशाचं वाईट वाटलं असतं? "ठेवू का देऊ" असं विचारलं की उत्तर कायम "ठेवू" येतं. हरवण्याचा विचार केला की खरं कारण बाहेर येतं, आणि कारण कळलं की काय करायचं ते बऱ्याचदा आपोआप सुचतं.

समजा उत्तर आलं की तसाच दुसरा मिळाला तर मला काहीच वाटणार नाही, तर तुमचं प्रेम त्या कटवर किंवा रंगावर आहे. मग गळा कसा आहे, लांबी किती, कापड कुठलं हे लिहून ठेवा, आतल्या लेबलचा फोटो काढा, शिवणारं कुणी ओळखीचं असेल तर हाच कपडा समोर ठेवून नवीन शिवून घ्या. जुना मग सुटतो. उत्तर "महाग होता" असं असेल तर त्यावर जास्त वेळ घालवू नका, पैसे दुकानातच गेलेत, कपाटात ठेवून ते परत येत नाहीत.

अंगाला न होणारे कपडे मात्र अवघड. ते बघताना आपण कपडा बघतच नसतो, तेव्हाचे आपण कसे होतो ते बघत असतो. बाळंतपणानंतर, आजारपणानंतर किंवा नुसतं वय वाढल्यावर शरीर बदलतं, त्यात चुकीचं काही नाही, पण रोज सकाळी कपाट उघडल्यावर न बसणारी पॅन्ट समोर दिसली की दिवसाची सुरुवातच खट्टू होते. म्हणून हे कपडे रोजच्या कपाटातून बाहेर काढाच. लगेच द्यायलाच हवेत असं नाही, बॅगेत भरा, वर आजची तारीख लिहा आणि वर्षभराने बघा. आणि जे होतात असं वाटतंय ते एक पूर्ण दिवस घालून वावरा, आरशासमोरची दोन मिनिटं धरायची नाहीत. माझा एक लाडका कुर्ता असाच सुटला, आरशात छान दिसत होता पण संध्याकाळपर्यंत काखेत काचत राहिला, घरी येऊन काढला तेव्हाच मन तयार झालं होतं.

आणि मग आठवणीचे कपडे. माणूस गेलेलं असेल आणि फार दिवस झाले नसतील तर हे सगळं वाचू नका, तसंच ठेवा, घाई कुणालाच नाहीये. बाबांचे कपडे मी दोन वर्षं हलवले नव्हते. नंतर जेव्हा बसले तेव्हा कळलं की मला सगळे शर्ट नकोयत, मला तो एक राखाडी स्वेटर हवाय ज्याच्या कोपराला त्यांनी स्वतः रफू केलं होतं, वेगळ्याच रंगाच्या धाग्याने. तो ठेवला. बाकीचे देताना रडू आलं पण अपराधी वाटलं नाही. ढिगातला एक कपडा सगळ्यांच्या वतीने राहू शकतो.

जे द्यायचे त्यांचे फोटो काढा, आणि हे मी उगाच सांगत नाहीये. 2017 मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी हे तपासलं, विद्यापीठाच्या काही हॉस्टेलमध्ये "जुन्या वस्तू दान करा" एवढंच आवाहन केलं आणि काहींमध्ये आधी फोटो काढून आठवण जपा मग द्या असं सांगितलं. साध्या आवाहनाला 533 वस्तू आल्या, फोटोवाल्याला 613. फोटो घडी घातलेल्या कपड्याचा काढू नका, शेवटचा एकदा अंगावर घालून काढा, आणि खाली दोन-चार ओळी लिहा, कुठे घेतला, कोण बरोबर होतं, त्या दिवशी काय झालं.

अजून एक गोष्ट जी मला उशिरा कळली. ठेवून दिलेला कपडा तसाच राहतो हा आपला गैरसमज आहे. घामाचे न दिसणारे डाग कपाटात बसल्या बसल्या पिवळे होतात. इलॅस्टिक आणि स्ट्रेच कापड न वापरताही ढिलं पडतं. आणि ते खोटं लेदर असतं ना, पॉलियुरेथेनचं, ते हवेतल्या दमटपणाने सुटत जातं. माझं एक काळं जॅकेट मी चांगल्या प्रसंगासाठी जपून ठेवलं होतं, सहा वर्षांनी बाहेर काढलं तर त्याचे पापुद्रे शेजारच्या सगळ्या कपड्यांवर चिकटलेले. खूप वाईट वाटलं, कारण ते मी फार तर तीनदा घातलं होतं. म्हणून जे आवडतं ते घाला, साध्या दिवशी घाला.

जे ठेवायचं ठरलं ते नीट ठेवा, एकच पेटी, भरली की नवीन आत येताना जुनं बाहेर. आधी धुऊन घ्या, स्टार्च न लावता, आणि पूर्ण वाळू द्या. ड्रायक्लीनिंगची प्लॅस्टिकची पिशवी काढून टाका, आत दमटपणा कोंडतो, त्यापेक्षा धुतलेली जुनी सुती चादर गुंडाळा. विणलेले स्वेटर हँगरला लावले की खांदे ओघळतात, ते घडी घालून. लोकर आणि रेशमाला कसर लागते, त्यातही घामट किंवा खाण्याचे डाग असलेल्या जागा आधी खाल्ल्या जातात, म्हणून धुणं महत्त्वाचं. शंका आली तर लोकरी कपडा हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशाच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात. डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही, त्यांचा वास जात नाही आणि लहान मुलं असतील तर त्या धोक्याच्याच आहेत.

द्यायचे कपडेही धुऊन, बटणं लावून द्या. खिसे तपासा. ओळखीतल्या कुणाला दिलात तर "घालतेस का गं तो ड्रेस" असं विचारू नका, दिला म्हणजे तो आता तिचा. आणि पिशवी भरल्यावर लगेच तोंड बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढा, दाराशी रात्रभर राहिली की मध्यरात्री उठून एखादा परत काढावासा वाटतोच. अगदीच धीर होत नसेल तर दोनच कपडे असे बाजूला ठेवायची सूट घ्या, त्यांना तारखेची चिठ्ठी लावा आणि सहा महिन्यांनी पेटीतल्या घड्या मोडून दुसऱ्या रेषेवर घालायला बसाल तेव्हा त्यांच्याकडे परत बघा, एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं तर कापड तिथेच विरतं, त्यामुळे पेटी तशीही उघडावी लागणारच आहे.