ताफ्यातल्या गाड्या आतून सडवणाऱ्या चुका: या टाळा

ताफ्यातल्या गाडीला हक्काचा माणूस नसतो. आज एक ड्रायव्हर, उद्या दुसरा. दाराच्या खाली ओल दिसते, ती दोघांनाही दिसते आणि दुसऱ्याने सांगितलं असेल असं दोघांनाही वाटतं. ऊन, पाऊस, धूळ सगळ्याच गाड्यांना लागते, पण एवढ्या लवकर गाड्या खराब होतात त्या या दुर्लक्षामुळे. चुका बघाव्यात तर वर्षानुवर्षं त्याच.

गंजावरच कोटिंग मारणं

माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक ही. पावसाचे दिवस जवळ आले की घाई सुटते. गंज खरवडायला वेळ लागतो, म्हणून खालून पाणी मारतात आणि अर्धवट वाळलेल्या चासीवर अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला लावायचा गंजरोधक थर, फवारून गाडी काळीकुळकुळीत करून देतात. बघणारा खूश होतो. पण कोटिंगखाली ओल कोंडली की गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो.

डिलिव्हरीच्या ताफ्यातली एक व्हॅन तपासायला आली होती. कोटिंग ताजं असल्यामुळे खालून गाडी उत्तम आहे, अशी मालकाची खात्री. दाराखालच्या पोकळ पत्र्यावर, म्हणजे सिलवर, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत मागे गेलो. पुढच्या बाजूला टणटण आवाज, मागच्या चाकाजवळ आल्यावर एकदम बद्द. तिथे टोक टेकवून दाबलं, तर कोटिंग सालीसारखं सुटून हातात आलं. मागे पत्रा उरलाच नव्हता, होते ते तपकिरी पापुद्रे, आणि त्यांच्यामधून पाणी ठिबकायला लागलं. फवारणाऱ्याने सिलची निचऱ्याची भोकं कोटिंगनेच बुजवली होती. काचेच्या फटीतून आणि दारातून उतरलेलं पाणी आतच मुरत राहिलं. त्याच ताफ्यातल्या ज्या गाड्यांना कोटिंग लावायचं राहून गेलं होतं, त्यांच्यावर गंज होता, पण वरवरचा. पत्रा शाबूत होता.

माझी पद्धत संथ आहे आणि ती तशीच ठेवा असं मी सांगतो. धुतलेली गाडी पूर्ण वाळू द्यायची. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढायचा, मग रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेला गंज निष्क्रिय करणारं रसायन, मग प्रायमर आणि शेवटी कोटिंग. फवारायच्या आधी निचऱ्याची भोकं टेपने झाकायची, नंतर टेप काढून प्रत्येकात तार घालून बघायचं. पोकळ भागांत जाड कोटिंग नकोच, तिथे सांध्यांत झिरपणारं पातळ मेण मारायचं. एका दिवसात सगळा ताफा उरकून देतो म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका.

बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात अशा भागात असाल तर आणखी एक: मिठाने माखलेली गाडी तशीच उबदार शेडमध्ये उभी करू नका. कडाक्याच्या थंडीत गंजाची गती मंद असते, ऊब मिळाली की ती वाढते. आधी खालून धुवा, मग आत घ्या.

साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की विसरून जाणं

चालून तापलेला एक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या भोकातून, किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. एक्सलमधलं तेल दुधट होतं, तरी गाडी धावत राहते. बेअरिंग आवाज करू लागतं तोवर त्या पाण्याची आठवण कुणालाच नसते. म्हणून हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मध्यापर्यंत, पाणी आलं तर ड्रायव्हरने वहीत नोंद करायचीच, आणि त्याच आठवड्यात फिलर प्लग, म्हणजे तेल भरायचं बूच, उघडून तेल बघायचं. दुधट दिसलं तर बदलायचं, पुढच्या सर्व्हिसची वाट बघायची नाही.

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नवे ड्रायव्हर घाबरून तीन-चारदा चावी फिरवतात आणि धुऊन-वाळवून सुरू होणारं इंजिन उघडावं लागतं. गाडी ओढूनच आणायची, हे पहिल्याच दिवशी शिकवा.

बाकीच्या, थोडक्यात

धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर टाकू नका, वाऱ्याने हलून ते रंग घासतं. प्लास्टिकची ताडपत्री तर खाली ओल धरते. हवा खेळेल असं कव्हर नसेल तर साधी शेड बरी.

पक्ष्यांची विष्ठा उन्हात रंगावर वाळू देऊ नका, क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, कायमचा डाग बसतो. कोरडी खरवडू नका, ओलं फडकं ठेवून भिजवा आणि मग उचला.

कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, नुसतं पाणी ओतत राहणं हा घातक शॉर्टकट. साध्या पाण्यात गंज रोखणारं काही नसतं. उलट ‘जितकं घट्ट तितकं चांगलं’ हेही खोटं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं असेल तर ते उणे 37 अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं, निव्वळ ग्लायकॉल मात्र उणे 13 च्या सुमारासच.

तापमान 5-6 अंशांनी उतरलं की टायरमधला हवेचा दाब साधारण 2 ते 3 टक्क्यांनी कमी होतो, म्हणून ऋतू बदलताना दाब बघा, तोही टायर गार असताना. उन्हात उभ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत असते, पण बाजूला भेगा पडतात. टायरचं वय कळायला त्यावर चार आकडी कोड असतो. 2319 म्हणजे 2019 च्या 23व्या आठवड्यात बनलेला.

एअर ब्रेकच्या टाकीतलं पाणी रोज काढा. थंडीत ते गोठून व्हॉल्व्ह अडकवतं.

एअर फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झटकू नका, कागद फाटला तर धूळ थेट इंजिनात.

आणि ओली गाडी हँडब्रेक ओढून आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नका, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. सपाट जागेवर चाकांना ओट, म्हणजे अडवायचा ठोकळा, लावा, गिअरमध्ये ठेवा, आणि मधूनमधून थोडी चालवून ब्रेक मारून बघा.