एमजीबीचे इंजिन तापत असेल तर: आधी गाळ, पंखा शेवटी

इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एमजीबी ही स्पोर्ट्‌स कार मुळातच तापट आहे, असा समज तिच्या अनेक मालकांमध्ये आढळतो. तो खरा नाही. तिच्या १,७९८ घन सेंटिमीटरच्या ओतीव लोखंडी इंजिनाला कारखान्याने दिलेला रेडिएटर नवा असताना पुरेसा होता. यांपैकी कितीतरी गाड्या अमेरिकेत गेल्या आणि कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यातही चालल्या. म्हणून आज तापमानाचा काटा वर चढत असेल, तर नवे काही बसवण्याआधी जुन्यातले काय निकामी झाले आहे, ते शोधणे अधिक शहाणपणाचे आणि स्वस्तही ठरते.

गाडी नेमकी केव्हा तापते, हे प्रथम नोंदवावे. सिग्नलवर उभी असताना तापत असेल आणि वेग घेताच काटा खाली येत असेल, तर दोष बहुधा हवेच्या प्रवाहात असतो. मोकळ्या रस्त्यावर सतत वेगात चालवताना तापत असेल, तर पाण्याचा प्रवाह, तुंबलेला रेडिएटर किंवा इग्निशनचे टायमिंग (सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याची वेळ) संशयास्पद मानावे. काट्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. थर्मोस्टॅटच्या (पाणी ठरावीक तापमानाला पोहोचल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) झाकणावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून तिथले तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहावे. चकचकीत धातूवर हे उपकरण प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवते, म्हणून ही पट्टी आवश्यक आहे.

खरे काम गाळाचे आहे. लोखंडी ब्लॉकमध्ये वर्षानुवर्षे साचलेला गंज मागच्या बाजूला, चौथ्या सिलिंडरभोवती जाऊन बसतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचे झाकण काढावे (गरम असताना ते कधीही उघडू नये), खालचा होज पाइप सोडून पाणी रिकामे करावे आणि मग ब्लॉकच्या उजव्या बाजूला, मागे असलेली निचऱ्याची तोटी किंवा बोल्ट काढावा. पुष्कळदा तिथून थेंबही येत नाही. याचा अर्थ ब्लॉक रिकामा आहे असा नसून भोक आतून बंद झाले आहे, असा असतो. कडक तार आत घालून हलकेच फिरवल्यास आधी तपकिरी लगदा, नंतर पापुद्रे आणि मग एकदम गढूळ पाण्याची धार बाहेर पडते. थर्मोस्टॅट काढून त्याच्या जागेतून नळाचे पाणी सोडावे आणि या भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत, मधूनमधून तार फिरवत, ते चालू ठेवावे. कंटाळवाणे काम आहे, पण फरक पडतो तो इथेच. रेडिएटर वेगळा काढून, नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, म्हणजे खालून वर धुवावा. पुढे इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरच्या जाळीवरून थर्मामीटर फिरवून पाहावा; मध्येच थंड पट्टा लागला, तर तिथल्या नळ्या तुंबलेल्या आहेत आणि रेडिएटर कारागिराकडे उघडून साफ करण्यास किंवा नवा कोअर (नळ्यांचा गाभा) बसवण्यास द्यावा लागेल.

आपल्याकडचे बरेच मेकॅनिक तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. हे करू नये. दोष तसाच राहतो, आणि थंडीत इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नसल्याने झीज व पेट्रोलचा खर्च मात्र वाढतो. ८२ अंश सेल्सिअसचा चांगला थर्मोस्टॅट बसवावा; उष्ण प्रदेशात ७४ अंशांचाही चालतो, मात्र तो केवळ लवकर उघडतो, रेडिएटरची क्षमता वाढवत नाही. रेडिएटरच्या झाकणाचे रबर आणि स्प्रिंग तपासावी, कारण दर चौरस इंचाला दहा पौंडांच्या दाबाखाली पाणी सुमारे ११५ अंशांपर्यंत उकळत नाही आणि झाकण सैल असेल तर ही सवलत संपते. कूलंटमध्ये ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारा द्रव) निम्म्याहून जास्त घालू नये. त्यात मिसळलेली रसायने गंज रोखतात, पण ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेते. जिथे पाणी गोठत नाही, तिथे पाव ते तिसरा हिस्सा पुरतो.

रेडिएटरच्या कडेने, वरून व खालून राहिलेल्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बुजवाव्यात, म्हणजे हवा जाळी चुकवून निसटणार नाही. टायमिंग मागे पडले असेल किंवा व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीनुसार ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाची) चकती फाटली असेल, तर उष्णता विनाकारण वाढते. एवढे सगळे करूनही पाणी कमी होत राहिले आणि त्यात बुडबुडे दिसले, तर हेड गॅस्केटची (ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधल्या सीलची) तपासणी करून घ्यावी.

यानंतरही गाडी केवळ रहदारीत तापत असेल, तरच विजेचा पंखा लावावा. कारखान्याने स्वतःही १९७७ च्या मॉडेलपासून तोच दिला. मात्र १९६७ पर्यंतच्या गाड्यांमध्ये डायनॅमो असतो, जो इंजिन संथ चालताना, म्हणजे पंख्याची खरी गरज असते तेव्हाच, जेमतेम वीज देतो. शिवाय त्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. हे लक्षात न घेता तारा जोडल्यास पंखा उलटा फिरतो. पंख्याला स्वतंत्र रिले (मोठा विद्युतप्रवाह सांभाळणारा स्विच) आणि फ्यूज द्यावा.

पाणी भरताना गाडीचे नाक थोडे उंच ठेवावे, हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा आणि सावकाश भरत होज पाइप दाबत राहावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. जुन्या, एक्स्पान्शन टाकी (फुगलेले पाणी सामावून घेणारी वेगळी टाकी) नसलेल्या गाड्यांत पाणी काठोकाठ भरू नये. गरम झाल्यावर फुगलेले जादा पाणी त्या बाहेर टाकतात आणि मालक दररोज तेवढेच पाणी पुन्हा ओततो. तोंडाच्या इंचभर खाली पातळी ठेवून चार दिवस पाहावे; ती तिथेच स्थिरावली, तर गळती कुठेच नाही.