आकडा कुणी लिहिला? शिक्षण आणि आरोग्य धोरणाच्या संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी

अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन शिक्षण किंवा सार्वजनिक आरोग्य या विषयांवर संशोधन करू इच्छिणारे विद्यार्थी भेटले की बहुतेकांचे पहिले प्रश्न पद्धतीविषयी असतात: अर्थमिती (आर्थिक माहितीचे सांख्यिकी विश्लेषण) किती यावी लागते, विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरपैकी स्टाटा शिकावे की आर, यादृच्छिक चाचणी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेला प्रयोग) केल्याशिवाय चांगल्या नियतकालिकात निबंध छापून येतो का. हे प्रश्न गैर नाहीत, आणि पुढे त्यांच्याविषयी थोडे लिहिलेही आहे; परंतु या क्षेत्रात बरीच वर्षे काढल्यावर मला वाटते की पद्धतीच्याही आधी एक सवय लावून घ्यावी लागते, आणि ती कोणत्याही अभ्यासक्रमात वेगळी शिकवली जात नाही. समोरच्या रकान्यातील आकडा कुणी, कुठे बसून आणि कशासाठी लिहिला, हे विचारण्याची ती सवय.

माझे पहिले काम संशोधन सहायकाचे होते. प्राथमिक शाळेतील उपस्थिती आणि घरातील लहान भावंडांची वाढ यांचा संबंध तपासणाऱ्या एका प्रकल्पात, सर्वेक्षकांनी गोळा केलेली माहिती तपासून, चुका दुरुस्त करून तिचे कोष्टक तयार करणे एवढेच माझ्याकडे होते. दोन आठवडे खपून मी प्रतिगमनाचे (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत मांडणाऱ्या गणिताचे) कोष्टक केले, गुणकांच्या शेजारी हवे तिथे तारे (संबंध निव्वळ योगायोगाचा नसावा, याची खूण) उमटले आणि मी तो कागद मोठ्या समाधानाने मार्गदर्शक बाईंपुढे ठेवला. त्यांनी कोष्टकाकडे पाहिलेच नाही. उंचीच्या प्रत्येक नोंदीतील सेंटिमीटरचा शेवटचा अंक घेऊन कोणता अंक किती वेळा आला ते मोजून आण, असे त्या म्हणाल्या. शून्य ते नऊ हे दहाही अंक साधारण सारख्याच प्रमाणात यायला हवे होते. एका सर्वेक्षकाच्या नोंदींत मात्र जवळजवळ सगळ्या उंची शून्यावर किंवा पाचावर संपत होत्या. चौकशी केली तेव्हा कळले की माणूस प्रामाणिक होता. त्याला मिळालेल्या मोजपट्टीवरील बारीक रेषा हाताळून पुसल्या गेल्या होत्या, ठळक खुणा तेवढ्या उरल्या होत्या, आणि नवी पट्टी कुणाकडे मागायची हे त्याला कुणी सांगितलेले नव्हते.

ही चूक किरकोळ वाटेल, पण तिचा हिशेब मांडून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या वाढमानकांनुसार, वयाच्या मानाने मुलाची उंची मध्यकाच्या (मधल्या मुलाच्या उंचीच्या) दोन प्रमाण विचलनांपेक्षा (उंचीतील नेहमीच्या फरकाचे माप) खाली असेल तर त्याची वाढ खुंटली असे धरले जाते. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत एक प्रमाण विचलन म्हणजे सुमारे 3 सेंटिमीटर. आणि उंची जवळच्या पाचाच्या पटीत लिहिली तर अडीच सेंटिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. म्हणजे पुसट झालेल्या एका पट्टीमुळे कितीतरी मुले रेषेच्या या बाजूची त्या बाजूला जातात. वयाचेही तसेच आहे. जन्मतारीख हाताशी नसली की ‘दोन वर्षांचा असेल’ असे उत्तर मिळते, आणि माहितीत 12, 24, 36 महिन्यांपाशी मुलांची गर्दी झालेली दिसते. तेव्हापासून कोणतीही नवी माहिती हाती आली की मी सर्वांत आधी शेवटच्या अंकांचा आलेख काढते, प्रतिगमन त्यानंतर.

शिक्षण आणि आरोग्य या दोन्ही क्षेत्रांत हजेरीच्या नोंदी हा असाच फसवा प्रदेश आहे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नजमुल चौधरी, जेफ्री हॅमर, मायकेल क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि हॅल्सी रॉजर्स यांनी बांगलादेश, इक्वेडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा या सहा देशांतील शाळा आणि आरोग्य केंद्रांना पूर्वसूचना न देता भेटी दिल्याचे निष्कर्ष आहेत. सरासरीने 19 टक्के शिक्षक आणि 35 टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर नव्हते. हजेरीपुस्तक चाळून हे आकडे कधीच हाती आले नसते, म्हणूनच त्यांना अचानक भेटींचा खटाटोप करावा लागला. मात्र नवखे अभ्यासक यावरून ‘कर्मचारी कामचुकार असतात’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात, ते मला पटत नाही. गैरहजर माणूस प्रशिक्षणाला गेला असेल, दुसऱ्या सरकारी कामावर असेल किंवा नुसताच घरी असेल. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

उपायाचा विषय निघाला की मी विद्यार्थ्यांना राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात झालेले दोन अभ्यास एकापाठोपाठ एक वाचायला सांगते. पहिल्यात एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांनी सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी शाळांपैकी काहींत कॅमेरे दिले. शाळा सुरू होताना आणि सुटताना एका विद्यार्थ्याने शिक्षकाचे इतर मुलांसह छायाचित्र काढायचे, त्यावर तारीख आणि वेळ उमटायची, आणि पगार भरलेल्या दिवसांवर ठरायचा. शिक्षकांच्या गैरहजेरीचे प्रमाण 42 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आले आणि मुलांचे गुणही वाढले. दुसऱ्या अभ्यासात अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि रेचेल ग्लेनर्स्टर यांनी त्याच जिल्ह्यात सरकारी परिचारिकांच्या हजेरीसाठी वेळ छापणारी यंत्रे बसवण्याच्या योजनेचा मागोवा घेतला. गैरहजेरीबद्दल वेतन कापण्याचा अधिकार इथे आरोग्य प्रशासनाकडे होता. सुरुवातीचे काही महिने उपस्थिती लक्षणीय वाढली. सोळा महिन्यांनंतर ज्या केंद्रांवर देखरेख होती आणि ज्यांवर नव्हती त्यांच्यात फरक उरला नाही, कारण प्रशासनच हजेरीतून ‘सूट दिलेले दिवस’ मंजूर करत गेले. जिल्हा तोच, कल्पना जवळपास तीच. फरक एवढाच की नियम मोडल्यावर पैसे कापणारा हात एका ठिकाणी ठाम होता आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हता. यशस्वी प्रयोग वाचून जेवढे शिकायला मिळते, त्याहून अधिक मी या दुसऱ्या निबंधातून शिकले, आणि असे निबंध लिहायला धैर्य लागते असेही माझे मत आहे.

कार्यकारणभावाचा प्रश्न या दोन क्षेत्रांच्या सांध्यावर सर्वांत अवघड होतो. अधिक शिकलेली माणसे अधिक निरोगी असतात आणि अधिक जगतात, हे जवळपास सगळीकडे दिसते. पण शिक्षणामुळे आरोग्य सुधारते, की निरोगी मुले अधिक शिकतात, की घरची सुस्थिती दोन्ही गोष्टी घडवते? मायकेल ग्रॉसमन यांनी 1972 मध्ये आरोग्याला भांडवल मानणारे जे प्रतिमान मांडले त्यात शिक्षणामुळे माणूस आपले आरोग्य अधिक कार्यक्षमतेने राखतो असे गृहीत आहे. ते तपासण्यासाठी सक्तीच्या शिक्षणाचे कायदे उपयोगी पडतात, कारण कायदा बदलण्याच्या थोडे आधी आणि थोडे नंतर जन्मलेली मुले एरवी सारखीच असतात. अमेरिकेतील जुन्या कायद्यांचा आधार घेऊन अॅड्रियाना येरास-मुनी यांना 2005 मध्ये शिक्षणामुळे मृत्युदर बराच घटल्याचे आढळले. तर ब्रिटनमध्ये शाळा सोडण्याचे किमान वय 1947 मध्ये 14 वरून 15 आणि 1972 मध्ये 15 वरून 16 झाले, त्याचा अभ्यास करणाऱ्या डेमन क्लार्क आणि हेदर रॉयर यांना 2013 मध्ये मृत्युदरात जाणवण्याजोगा फरक दिसला नाही. यातला कोणता निबंध ‘बरोबर’, असे विद्यार्थी विचारतात. मी त्यांना विचारते की कायद्याने जे जादा वर्ष शाळेत घालवले गेले त्यात त्या मुलांना शिकवले काय, आणि त्या काळी त्या समाजात लोक मरत होते ते कशाने? दोन्ही देशांची ही उत्तरे शोधून आणायला साधारण एक सत्र लागते, आणि ते वाया जात नाही.

साथरोगशास्त्राचा (आजार समाजात कसे पसरतात याच्या अभ्यासाचा) किमान एक अभ्यासक्रम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने केलाच पाहिजे, असा माझा आग्रह आहे. त्याचे कारण केनियात सापडते. बुसिया भागातील 75 प्राथमिक शाळांत मुलांना जंतनाशक गोळ्या देण्याच्या कार्यक्रमाचा एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी अभ्यास केला. तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. जंतांचा संसर्ग मातीतून आणि पाण्यातून पसरतो, त्यामुळे एकाच वर्गातील निम्म्या मुलांना गोळी दिली तर उरलेल्यांनाही थोडा फायदा होतो, आणि दोघांची तुलना केल्यास औषधाचा परिणाम आहे त्याहून कमी दिसतो. म्हणून त्यांनी मुलांऐवजी शाळांचे गट पाडले. शाळेतील गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. परीक्षेतील गुण मात्र वाढले नाहीत. पुढे 2015 मध्ये साथरोगतज्ज्ञांनी मूळ माहिती आणि संगणकीय आज्ञावली घेऊन पुन्हा विश्लेषण केले, तेव्हा शेजारच्या शाळांवरील परिणामाच्या गणनेत चुका निघाल्या आणि दोन्ही ज्ञानशाखांत मोठा वाद झाला. वादात मी कोणत्या बाजूची, हे इथे महत्त्वाचे नाही. मूळ लेखकांनी माहिती आणि आज्ञावली दिली म्हणूनच तो वाद होऊ शकला, ही गोष्ट मला मोलाची वाटते. माझ्याच एका निबंधाबद्दल तीन वर्षांनी विचारणा आली, तेव्हा ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’ आणि ‘खरोखर अंतिम’ अशा नावांच्या तीन फाइलींपैकी छापलेले कोष्टक कोणत्या फाइलीतून निघाले हे शोधण्यात माझा आख्खा आठवडा गेला होता.

सॉफ्टवेअरचा प्रश्न राहिला. स्टाटा किंवा आर, जे तुमच्या गटात वापरतात ते शिकावे. दुसरे नंतर महिन्याभरात जमते. यादृच्छिक चाचणी न करताही उत्तम काम होते, हे वरच्या उदाहरणांतून दिसलेच असेल. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे लागतात, तेव्हा त्याआधी एक-दोन वर्षे संशोधन सहायक म्हणून प्रत्यक्ष क्षेत्रकाम करावे, आणि प्रश्नावली वातानुकूलित खोलीत बसून न बनवता स्वतः किमान वीस घरी भरून पाहावी. मुलांवरील अभ्यासात पालकांची संमती आणि समजत्या वयाच्या मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात; शिवाय मोजमाप करताना एखादे मूल तीव्र कुपोषित आढळले तर सर्वेक्षकाने त्याच दिवशी कुणाला कळवायचे, हे काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरलेले असावे. नैतिकता समितीच्या अर्जात हा मुद्दा बरेच जण एका ओळीत उरकतात. क्षेत्रात तो एका ओळीत उरकत नाही.

धोरणकर्त्यांपुढे निष्कर्ष मांडण्याचा माझा पहिला प्रसंग फारसा चांगला गेला नाही. लहान मुलांचे वजन दरमहा घेऊन पालकांना समजावून सांगण्याच्या उपक्रमाचा खर्च आम्ही काढला होता. त्यात वजनकाटे, छपाई आणि प्रशिक्षण सगळे धरलेले होते. एका अधिकाऱ्याने दोन पाने वाचली आणि विचारले की ज्या दिवशी सेविका हे करणार, त्या दिवशी तिची बाकीची कामे कोण करणार. तिच्या वेळेचा रकानाच आमच्या हिशेबात नव्हता. पुढच्या टप्प्यात मी घड्याळ घेऊन दोन दिवस एका सेविकेच्या शेजारी बसले. एका बाळाचे वजन ती तीन वह्यांत लिहीत होती: पहिल्या वहीत काट्याकडे पाहून, दुसरीत दुपारी पहिलीवरून, आणि तिसरीत संध्याकाळी, पहिल्या दोन्ही वह्या तपासणीसाठी गेलेल्या असताना, आठवणीने. वरच्या कार्यालयात जात होती ती तिसरी वही, आणि आमचे सगळे विश्लेषणही तिच्यावरच उभे होते. त्यानंतर आमच्या प्रत्येक नमुनापत्रकाच्या पहिल्या पानावर दोन रकाने वाढले: नोंद कोणत्या वहीतून घेतली, आणि ती वही दिवसाच्या कोणत्या वेळी भरली गेली.